डबड्यातले आठ मिलिमीटर

मु. बोरवाडी, कमलनगरजवळ,
ता. औराद, जि. बिदर
२४ जुलै १९८५, बुधवार

प्रिय सोजरास,

तुझ्या रीतीने जय भीम आणि माझ्या रीतीने नमस्कार. दोन्ही एकाच पाकिटातून येत आहेत, तिकीट एकच लावलं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? राघोबाच्या क्वार्टरला मोठा जिना आहे असं शेजारची राजूबाई सांगत होती. तिने तो पाहिलेला नाही, पण सांगत होती. आमच्याकडे सगळे बरे. गुरुजी एकतीस तारखेला निवृत्त होतील आणि मग दिवसभर घरात असतील, एवढं सोडलं तर काळजीचं काही नाही. (राघोबा, आईला पत्र तूच वाचून दाखवणार. कंसातलंही वाच. गाळलंस तर तिला लगेच कळतं.)

पत्राचं कारण पावसाचं डबडं. त्रेसष्ट साली ते आलं तेव्हा तू लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्यात थांबली होतीस आणि भारा खाली न ठेवता अर्धा तास पाहत होतीस. शाळा आणि आमचं घर यांच्या मधल्या पडीक तुकड्यावर सिमेंटचा ओटा केला, त्यात पत्र्याचं नळकांडं बसवलं, वर नरसाळं, आत बाटली, भोवती तारेचं कुंपण. सरकारी शिपायाने काचेचं मोजपात्र गुरुजींच्या हातात दिलं आणि सांगितलं की रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी यात ओतायचं, मिलिमीटर वाचायचे, लिहायचे आणि महिन्याच्या शेवटी सही करून पाठवायचं. सही गुरुजींनी बावीस वर्षं केली. उरलेलं किरकोळ काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच महिन्यात अडचण आली. (राघोबा, हे मोठ्याने वाचायला लाजू नकोस, तुझं लग्न झालेलं आहे.) महिन्याचे चार दिवस मी चुलीला, पाण्याला, देवाला शिवायचं नव्हतं. मग डबड्याला? सासूबाई दोन दिवस विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला की सरकारी वस्तूला विटाळ लागत नाही. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे. त्या चार दिवसांत मला जगात एकच काम उरायचं, पाऊस मोजायचं, आणि साडेआठला सुरू केलेलं ते काम मी दुपारपर्यंत पुरवायची. तू रानातून येताना थांबायचीस. तुला आमच्या अंगणात यायला मनाई आणि मला त्या दिवसांत घरात जायला मनाई. कुंपणातली जागा तेवढी दोघींची. सासूबाईंनी एकदा दारातून पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, आणि मग त्यांना स्वतःचाच निकाल आठवला. तू सरकारी ओट्यावर बसली होतीस. त्या आत निघून गेल्या.

पक्का कागद सरकारचा होता. त्यात आकड्याशिवाय काही लिहायची सोय नव्हती. म्हणून मी एक कच्ची वही केली आणि तिच्या समासात तू सांगशील ते लिहीत गेले. बारवेची अकरावी पायरी उघडी. तरोटा उगवला, पण फक्त पूर्वेच्या बांधाला. ओढ्याला पाणी आलं, गढूळ नाही, म्हणजे वरच्या अंगाला पडलेलाच नाही. चार दिवस लुगडी वाळली नाहीत. तू बोलायचीस एवढ्या भरभर की माझी पेन्सिल मागे राहायची. मधूनच राजूबाई भिंतीवरून डोकं काढायची, "अक्का, तुझं डबडं काय म्हणायलंय? डाळ वाळू घालू का नको?" मी सांगायची की ते उद्याचं सांगत नाही, कालचं सांगतं. "कालचं मला ठाव हाय की. मी काय डोळे मिटून बसले व्हते? मंग कामून पाळलीस त्याला?" मी पेन्सिलीला टोक काढायला लागायची. तू मात्र पदर तोंडात धरून हसायचीस.

बहात्तर साल तू विसरली नसशील. अकरा जुलैपासून मी शून्य लिहायला लागले. शून्य लिहायच्या आधीही बाटली काढायची, उलटी करायची, मोजपात्र धरायचं, असा नियम होता आणि मी तो पाळत होते. बारवेच्या सगळ्या पायऱ्या उघड्या पडल्या तेव्हा त्या मोजायचं काम संपलं. तुमच्या वस्तीला या गावाने बारवेवर कधी येऊ दिलं नाही, म्हणून तुम्ही पिढ्यान् पिढ्या ओढ्याच्या वाळूत झरे उकरत आलात. बारव आटली आणि तुमचा झरा चालू राहिला. तू रोज एक कळशी कुंपणात आणून ठेवायचीस, मी ती घरात न्यायची. सासूबाईंनी विचारलं, पाणी कुठलं? मी म्हटलं, सरकारी. त्या प्यायल्या. (पुढे आठ वर्षं त्या होत्या. सांगायचं राहून गेलं.)

आणि त्रेचाळीस शून्यांनंतर, तेवीस ऑगस्टला, आभाळात ढगाची चिंधीही नसताना डबड्यात आठ मिलिमीटर निघाले. राजूबाई हळदीकुंकू घेऊन धावली. तू कळशी ठेवत म्हणालीस, "गुरुजीणबाई, डबड्याला घाम फुटला म्हणायचा!" मी आठ लिहिले. गुरुजींनी महिनाअखेर सही केली. तेरा वर्षं कुणी काही विचारलं नाही.

परवा सोमवारी विचारलं. गुलबर्ग्याहून पावसाच्या खात्याचे साहेब जीपने आले. हणमंतप्पा नाव, वयाने राघोबाएवढे. बावीस वर्षांत एकही खाडा नसलेलं हे एकच डबडं, म्हणून गुरुजींना प्रशस्तिपत्र द्यायचं होतं. रात्री पाऊस झाला होता. साहेब म्हणाले, आजचं माप गुरुजींनीच आमच्यासमोर घ्यावं. गुरुजींनी मोजपात्र औषधाच्या बाटलीसारखं डोळ्यांपुढे धरलं. "एष्टु, गुरुजी? किती?" गुरुजी म्हणाले, बऱ्यापैकी आहे. साहेबांनी विचारलं, बऱ्यापैकी म्हणजे किती मिलिमीटर? आता बावीस वर्षांची सही पणाला लागलेली पाहून मी दाराआडून म्हटलं, चार पॉइंट दोन. साहेबांनी काच हातात घेतली, वाकून पाहिलं. चार पॉइंट चार होतं. (पहाटे पत्र्यावर वाजला त्यावरून सांगितलं होतं. पॉइंट दोनाची ती चूक अजून सलते आहे.) साहेबांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. गुरुजींनी ती स्वतः आणली. हे मला लिहून ठेवावंसं वाटलं म्हणून लिहिते.

मग साहेबांनी कच्ची वही पाहिली. समास पाहिला. पायऱ्या, तरोटा, लुगडी. मला वाटलं हसतील. त्यांनी चष्मा पुसला आणि उतरवून घ्यायला लागले. असं खात्यात कुणी लिहीत नाही, म्हणाले. दीड तास झाला. चहा गार झाला. बहात्तरच्या ऑगस्टला त्यांचं बोट थांबलं. म्हणाले, आजूबाजूच्या सगळ्या डबड्यांत त्या दिवशी शून्य आहे, आणि तुमच्याकडे आठ. समासही कोरा. ते फार मऊ आवाजात म्हणाले, एक दिवस खोटा निघाला आणि कारण मिळालं नाही, तर बावीसच्या बावीस वर्षं बाजूला ठेवावी लागतात. कारण आणि नाव मिळालं तर शेऱ्यात लिहिता येतं, बाकीचं वाचतं.

सोजरा, मी घाबरले. राजूबाईचं नाव घेतलं असतं तर ती भिंतीपलीकडून "मी न्हाई" म्हणाली असती. मी म्हटलं, एक भाबडी बाई होती, पावसाचा देव समजून तिनं पाणी घातलं. नाव? सोजराबाई. असते कुठे? मी निश्चिंतपणे म्हटलं, लांब, गुलबर्ग्याला. साहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, माझं ऑफिस तिथंच आहे, पत्ता द्या. गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा चपळ झाले आणि त्यांनी राघोबाच्या क्वार्टरचा नंबर दिला.

येत्या रविवारी साहेब तुझ्याकडे येतील. त्यांना चहा दे, साखर कमी. सूनबाईला आशीर्वाद. तू गेल्यापासून कुंपणात कुणी बसत नाही. पाच वर्षांचा समास बराचसा कोरा आहे.

तुझी,
सुमन

ता. क. ते विचारतील, पाणी तुम्ही घातलं का? तू एवढंच म्हण, व्हय. देवाचं मात्र कबूल करू नकोस. छप्पन साली तू घरातले देव टोपलीत घालून ओढ्याला नेलेस तेव्हा मी वाटेतच उभी होते, आणि परवा ऐन वेळी विसरले. भाबडी म्हटलं त्याचाही राग धर, तो तुझा हक्क आहे. हात धुताना सांडलं म्हण. जास्त बोलू नकोस, खोटं बोलताना तुला हसू येतं.

ता. क. दुसरा. पाणी मीच घातलं होतं. त्रेचाळीस शून्यं लिहिली, चव्वेचाळिसावं हाताने लिहवेना. अर्धं फुलपात्र नरसाळ्यात ओतलं आणि मग नियमाप्रमाणे मोजलं. माप बरोबर आहे. पण हे साहेबांना सांगितलं असतं तर बाकीचा सगळा पाऊसही मीच ओतला असं त्यांनी धरलं असतं.

ता. क. तिसरा, आणि राघोबा, हा सावकाश वाच. त्या कागदांवर सही गुरुजींची आहे. अक्षर माझं आहे. समासातलं सगळं तुझं आहे. नाव मात्र एकाच बाईचं आणि एकाच ओळीत येणार आहे, तेवीस ऑगस्टच्या शेऱ्यात. खोटं बोलले म्हणून क्षमा मागायला हे पत्र लिहायला बसले होते. लिहिता लिहिता आठवलं, ते फुलपात्र मी तुझ्या कळशीतून भरलं होतं. तेव्हा "व्हय"सुद्धा म्हणू नकोस. साहेबांना सांग, पाणी माझं होतं.