ओटीचा नारळ

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, १७ ऑक्टोबर २००४

चि. सौ. शरयूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. येऊन महिना झाला. लिहायला बसतो, तारीख घालतो आणि कागद फाडतो. काल सूनबाई म्हणाली, "बाबा, प्रिंटरचे कागद कुठे जातात काही कळत नाही." तेव्हा ठरवलं, आज पुरं करायचंच.

इकडे सर्व ठीक. शैलेंद्र आणि विनीता अंधारातच कामाला निघतात. मी दिवसभर घरात एकटा. शेगडी बंद आहे ना, ते पुन्हा पुन्हा बघतो. विजेची शेगडी आहे, हात लावायचीही मला भीती, तरी बघतो. थंडी सुरू झाली. तुमच्याकडे घट बसले असतील. जगन्नाथरावांचा गुडघा कसा आहे? मालिश चालू ठेवायला सांग.

फोनवर तू विचारलंस, "ऑक्सफर्ड कसं होतं?" मी म्हणालो, छान होतं, जुनं होतं. शैलेंद्र शेजारीच उभा होता. तो नसता, तरी तेवढंच म्हणालो असतो.

तर सांगतो. इकडे येताना लंडनला शैलेंद्रच्या मित्राकडे दोन रात्री उतरलो होतो. मधल्या दिवशी त्यानं मला ऑक्सफर्डच्या बसमध्ये बसवून दिलं. उतरायचं राहून जाईल म्हणून मी अर्धा रस्ता उभाच होतो. तुझी वल्लरी थांब्यावर आली होती. भलामोठा सैल कोट घातला होता. पाया पडायला लागली, तर मीच अडवलं. तिचं पुढे लिहितो.

गाव मोठं देखणं. पिवळसर दगडाच्या इमारती, टोकदार मनोरे, सायकलीच सायकली. कॉलेजं म्हणजे किल्लेच. आत हिरवळ इतकी नीट की पाय ठेवायला बंदी. आपण सातवीत शाळा सोडलेली माणसं. मला सारखं वाटत होतं की कुणीतरी हटकणार. वल्लरी मला घेऊन बघ्यांच्या एका टोळीत शिरली, पुढे एक बाई छत्री उंच धरून माहिती सांगायची. वल्लरी हळूच मराठीत सांगत होती. "मामा, इथे आठशे वर्षं मुलं शिकताहेत."

आठशे वर्षं म्हटल्यावर मला राहवलं नाही. एका कॉलेजात त्यांचं जुनं ग्रंथालय दाखवायला नेलं. सरस्वतीचं घर, तिथे बूट घालून कसं जायचं? मी दारातच खाली बसलो, बूट काढले, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि मोज्यांवर आत शिरलो. नमस्कार करून मागे बघतो, तर सगळी टोळी माझ्याकडे बघतेय. दारावरचा टोपीवाला येऊन काहीतरी बोलला. एका पोरीनं फोटोसुद्धा काढला.

"मामा, बूट घाला ना. इथे चालत नाही असं. सगळे थांबलेत."

शैलेंद्रनं मला लेसचे बूट घेऊन दिलेत. आयुष्यभर वहाणा वापरलेला माणूस मी. गाठ काही बसेना. मग वल्लरीच खाली बसली. तिला वाकवत नव्हतं, एक हात जमिनीला टेकून बसली, आणि तिनं माझ्या लेस बांधल्या. वर बघून हसली. "शाळेत जाताना तुम्हीच बांधायचात माझ्या. डबल गाठ, आठवतं?"

तिचं हसणं मायेचंच होतं. आज कळतं. तेव्हा मला वाटलं, चारचौघांत माझी शोभा झाली आणि ही हसते आहे. मी म्हणालो, "आईबापाला न विचारता लग्न केलंस तेव्हा लोक बघतात हे नाही सुचलं? आता मला शिकवतेस?"

उठताना भिंतीचा आधार घेतला. मी हात दिला नाही.

परतीच्या बसपाशी बाकावर बसलो होतो. तुझी पिशवी माझ्या मांडीवर होती. तिनं विचारलं, "मामा, आईनं माझ्यासाठी काही दिलंय?"

मी म्हणालो, "नाही."

नारळ माझ्या पोटाला टोचत होता, शरयू. जगन्नाथरावांची नजर चुकवून तू आणलेला खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. "तिच्या ओटीत घाल दादा, मीच घातली असं होईल," म्हणालीस. ते सगळं मांडीवर घेऊन मी नाही म्हणालो. ती एवढंच म्हणाली, "बरं." बस हलली तरी हात हलवत उभी होती.

तुला फोनवर सांगितलं, ओटी दिली, तिनं डोळ्यांना लावली. ते खोटं होतं.

एवढ्यावर संपलं असतं तरी बरं. इथे आल्यावर माझी बॅग विनीतानं उघडली. "अहो बाबा, एवढ्या लांबून नारळ? इथे ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत ढिगानं मिळतात!" तिनं फोडला. गोड निघाला. त्याची चटणी केली. तुझ्या लेकीच्या ओटीचा नारळ मी इडलीबरोबर खाल्ला. "अजून वाढू?" म्हणाली, तर ताट पुढे केलं. नाही म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.

आता जे सांगायला हवं ते. कागद त्यासाठीच फाडत होतो. त्या कोटाखाली वल्लरी सात महिन्यांची होती. थांब्यावर भेटल्या भेटल्याच म्हणाली होती, "मामा, आईला सांगायचं धाडस होत नाही. तुम्ही सांगाल?" मी हो म्हणालो होतो. तुला सांगितलं असतं, तर तू पहिलं विचारलं असतंस, तिनं ओटी कशी घेतली, काय म्हणाली. म्हणून महिनाभर गप्प बसलो. तुम्ही दोघींनी एकाच माणसावर भरवसा ठेवलात, आणि तो असा निघाला.

दिवाळीच्या सुमारास बाळ होईल. पहिलं बाळंतपण, आणि तिला वाटतंय आईनं हळकुंडसुद्धा पाठवलं नाही. तिचा नंबर शेवटी लिहिला आहे. हे पत्र मिळेल त्या दिवशी एसटीडी बूथवर जा. जगन्नाथरावांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. पण फोन कर. मामा खोटं बोलला, आईनं पाठवलं होतं, असंच सांग. माझी लाज राखू नकोस.

खण तसाच आहे, माझ्या उशाशी. तिला पोस्टानं पाठवू, की तू स्वतः तिच्या हातात देशील? तू सांगेपर्यंत हात लावणार नाही. पोस्टमन दुपारी येतो, मी खिडकीतच असतो. रागाची का होईना, दोन ओळी लवकर पाठव. ती काय म्हणाली, तेवढं कळव.

तुझा म्हणायचा हक्क राहिला असेल तर तुझाच,
गुरुनाथदादा

वल्लरीचा घरचा नंबर पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. सकाळी करू नकोस, तिकडे तेव्हा रात्र असते. दुपारी कर.