पाइपातली शिट्टी

उस्ताद, परवा नवीन जालन्यात माझ्या हृदयाची तपासणी झाली. इको म्हणतात तिला. पैशाचा खर्चा फार नाही, तेवढं मी एका गिअरबॉक्समध्ये कमावतो. खरा खर्चा दुसरीकडं झाला. एक सकाळ गेली, बायकोसमोर एक खोटं उघडं पडलं, आणि तुम्ही गेल्यापासून मी जपून ठेवलेला एक राग हातचा गेला. राग गेला म्हणजे हलकं वाटायला पाहिजे. वाटलं नाही. त्याच्या जागी दुसरा येऊन बसला, आणि हा पहिल्यापेक्षा जास्त जळतो.

आधी माझं सांगतो, तुम्हाला ऐकायला आवडेल. लोखंडी सळयांच्या ज्या मिलमध्ये तुम्ही मला फिटरचं काम शिकवलं, तिच्यापासून थोड्याच अंतरावर आता माझं स्वतःचं शेड आहे. विजेच्या मोटारी, गिअरबॉक्स, कॉम्प्रेसर, सगळी दुरुस्ती. हाताखाली माणसं आहेत, गेटवर माझं नाव आहे. आणि कान तोच आहे. सकाळी मी गेटातून आत शिरतो, गाडी स्टँडवर लावायच्या आत सांगतो, त्या कोपऱ्यातल्या मोटारीचं बेअरिंग आठवडाभरात जाणार. आणि जातं. गिऱ्हाइकं लांबून येतात ती या कानासाठी. अख्ख्या जालन्यात असा कान दुसरा नाही, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त अडवत नाही.

तो कान ओळखला तुम्हीच. मी कामाला लागलो त्या दिवशी तुम्ही मला डोळे मिटून मोटारींच्या रांगेपुढं उभं केलं होतं. "सांग, कोन रडून राह्यलीय?" मी बोट दाखवलं. तुम्ही पेचकसाचं टोक त्या मोटारीवर टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि तोंडभर हसलात. "याला माझ्याजवळ ठेवा. बाकीच्यांना भोकं हायेत, याला कान हायेत." ते वाक्य मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं. पुढं बायकोलाही सांगितलं. नातवालाही सांगून झालंय.

मंग मला जवळून काढलं कशाला? माझा राग हा होता. आणि माझ्या जागी घेतलं कुणाला, तर मंठा गावाहून आलेल्या त्या पोराला, मंठ्याच्याला! लहानपणापासून कानानं अधू. त्याला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागायचा. बेअरिंग फुटून बाहेर आलं तरी त्याला पत्ता नसायचा. तो दिवसभर तुमच्याशेजारी, आणि मी शेडच्या दुसऱ्या टोकाला, भट्टीच्या गर्जनेत. रोल बदलायला मिल थांबायची, अचानक शांत व्हायचं, की तुम्ही लांबूनच ओरडायचे, "जा रं, ग्रीस घेऊन ये." मी बघायचो, ग्रीसचा डबा तुमच्या पायाशी भरलेला असायचा. मी तरी जायचो. परत येताना खांबाआडून दिसायचं: तुम्ही लोखंडी पेटीवर बसलेले, एक हात त्याच्या खांद्यावर, आणि तो खाली वाकून तुमच्या बुटाची नाडी सैल करतोय. काय जळायचो मी, उस्ताद. वाटायचं, शांततेत तुम्ही त्याला कारागिरीची एखादी आतली गोष्ट देताय, जी मला द्यायची नाही. सुट्टी झाल्यावर तुम्ही त्याच्या सायकलवर मागं बसून जायचे. माझ्याकडं तर लुना होती!

तुमचा मोठा पानासुद्धा तुम्ही त्यालाच दिला. म्हणालात, "आता माझ्या बोटानं धरवत न्हाई." बोटं सुजलेली होती हे मी बघत होतो. आम्ही सगळेच म्हणायचो, वात आहे, लोखंडात जन्म गेल्यावर दुसरं काय व्हणार. तुम्ही मेडिकलमधून दुखीच्या गोळ्या आणायचे आणि शेंगदाण्यासारख्या तोंडात टाकायचे. त्या उन्हाळ्यात तुम्ही झोपेतच गेलात. खांद्याला तो पुढं होता, मी मागं. त्या वेळीही मी हेच मोजत होतो, की पुढं कोण आणि मागं कोण.

आता माझी बोटं तशीच झालीत. सकाळी शर्टाचं बटण लागत नाही, नळ फिरवायला बायकोला बोलवावं लागतं. माझ्या मुलीच्या वयाच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्या म्हणाल्या, "काका, ही झीज नाही. शरीराची जी ताकद बाहेरच्या रोगाशी लढायची, ती तुमच्याच सांध्यांना परकं समजतेय. आणि ही सूज बोटांवर थांबत नाही. या आजारात हृदय कमजोर व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून विचारते, दम लागतो का?"

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो.

"उशा किती घेता?"

"एक."

बायको बाजूला बसली होती. "एक डोक्याखाली, एक पाठीला, आन वरून भिंत," ती म्हणाली. "बसूनच झोपत्यात. आन छातीत बासरी वाजती ती निराळीच. मी म्हणलं तर म्हणत्यात, तुला काय कळतंय आवाजातलं."

डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता ते लिहून घेतलं. इको झाल्यावर त्यांनी समजावलं, की हृदय बंद पडायला निघालेलं नाही; पंप चालू आहे, पण पाणी पुरेसं उचलत नाही, त्यामुळं मागं तुंबतं. मंग दम लागतो, पाय सुजतात, आडवं होववत नाही. पंपाची भाषा मला बराबर कळते. लवकर सापडलंय, त्या म्हणाल्या, औषधं आहेत, पण मनानं दुखीच्या गोळ्या खाणं आजपासून बंद. आणि श्वासाचं काही लपवायचं नाही.

लपवायचं नाही म्हणाल्या, आणि मला एकदम तो दिवस आठवला. तुम्हालाही आठवत असेल. मिल थांबलेली होती. मंठ्याचा धरून आपण तिघं चहा पीत होतो. मला बारीक शिट्टी ऐकू आली. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "उस्ताद, कुठंतरी हवा लीक होऊन राह्यली." उठलो, बादलीत साबणाचा फेस केला, आणि कॉम्प्रेसरच्या पाइपाचा एकेक जोड तपासत सुटलो. फेसाला कुठंच बुडबुडा येईना. आवाज मात्र येत होता. तुम्ही माझ्या मागं उभे होतात, म्हणून तो मागून येत होता. मी वळलो तर तुम्ही खेकसलात, "मशीनचं ऐकायचं! तुला कोनी सांगितलं नसते उद्योग करायला?" चारचौघांत. दुसऱ्या दिवशी मी भट्टीकडं. इतकी वर्षं मी समजत होतो, की खोटी गळती सांगितली म्हणून कान नापास झाला.

इकोच्या दुसऱ्या दिवशी मी मंठ्याला गेलो. त्याचं आता तिथं पंप दुरुस्तीचं दुकान आहे, पोरगा चालवतो, हा नुसता बसून असतो. तुमचा पाना खिळ्याला टांगलाय, तेल लावून. ते बघूनच माझं तोंड कडू झालं. मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडलो, "उस्तादांना दम लागायचा, हे तुला माहीत होतं का?"

"न्हाई कसं? मला ऐकू येत न्हवतं, दिसत तर होतं. पाय सुजून बुटात मावत न्हवते. पायरीला थांबायचे. ठेकेदारानं धाप लागनाऱ्या क्रेनवाल्याला काढलं ना त्या साली? उस्तादांच्या घरी दोन पोरी लग्नाच्या. म्हणले, कोनाला बोलू नको."

"दवाखान्यात का नेलं न्हाई?"

"हात दुखत्यात त्याचा वात, दम लागतो तो वयाचा, असंच समजलो बाबा. दोन्ही एकच दुखणं आसंल, हे आपल्याला कोन सांगनार?"

"आन मला का न्हाई सांगितलं?"

तो दात दाखवून हसला. "तुला? उस्ताद म्हणायचे, त्याच्या कानाचं भ्या न्हाई, त्याच्या तोंडाचं हाय. सकाळी ऐकल आन दुपारी कँटीनला वाढल."

दुकानातला पोरगाही हसला. मीही हसलो, गिऱ्हाइकापुढं हसतो तसा. पण येताना रस्ताभर जळत आलो. आधी वाटायचं, तुम्ही त्याला कारागिरी दिली. ती नव्हती दिली, हे कळून थंड व्हायला पाहिजे होतो. तुम्ही त्याला तुमचा दम दिला, सुजलेले पाय दिले, भीती दिली. कारागिरीपेक्षा हे मोठं आहे, आणि त्यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही. मंग गाडी चालवता चालवता सुजलेल्या बोटांकडं बघितलं आणि मनाशी म्हणालो, पाना त्याला दिला ना, दुखणं मला दिलं. खोटं आहे, दुखणं असं कोणी देत नाही. पण तेवढ्यानं थोडं बरं वाटलं.

गोळ्या वेळेवर घेतो आहे. शेडमधल्या पोरांना आजच सांगून टाकलं, मला दम लागतो, जड उचलायला बोलवू नका. तुम्हाला तेव्हा हे करता येत नव्हतं. माझ्या गेटावर ठेकेदार नाही. हे पत्र मी कुठं ठेवणार नाही की कुणाला वाचून दाखवणार नाही, मंठ्याच्याला तर नाहीच. तो म्हणेल, हे मला तेव्हाच माहीत होतं.

एकच गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही. दिवाळीनंतर माझ्या छातीत ती शिट्टी सुरू झाली, तेव्हा मी शेडमधला कॉम्प्रेसर खोलून दुरुस्तीला काढला होता. साबणाचा फेस केला, सगळे जोड तपासले. कॉम्प्रेसर चांगला होता.