सगळेच लीडर आणि फेस गुडघाभर

तीर्थरूप आत्या,

तुझ्या पायांना, त्यातही सुजलेल्या उजव्या गुडघ्याला जरा जपून, नमस्कार. तुझी तब्येत, लेकीचा संसार, जावयाचं घोरणं, सगळं ठीक असेल असं धरून चालते, कारण विचारपूस करण्याइतकं डोकं आत्ता जागेवर नाही. तू आपली लाँड्री माझ्याऐवजी एका पगारी मॅनेजरच्या हाती सोपवलीस आणि लेकीकडे जाऊन बसलीस. इथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

तुझ्या या साहेबांनी (वय पोरसवदा, बूट पांढरे; लाँड्रीत पांढरे बूट!) आल्या आल्या जाहीर केलं की इथे कोणी वरिष्ठ नाही, कोणी कनिष्ठ नाही, प्रत्येक जण लीडर. मी धुलाई विभागाची प्रमुख होते, ती 'सहप्रवासी' झाले. (इतकी वर्षं वाफेत शिजून सहप्रवासी! बसमध्ये शेजारी बसून आपल्या खांद्यावर पेंगणाऱ्या बाईलाही सहप्रवासीच म्हणतात.) रोज सकाळी गोल करून उभं राहायचं आणि मनात काय आहे ते सांगायचं. इस्त्रीवाले काका पहिल्या दिवशी 'बायको' म्हणाले, दुसऱ्या दिवशी 'बायकोच' म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी हुंदके द्यायला लागले. तोवर इकडे प्रेसखाली चादर करपली.

आता परवाचं ऐक. हॉस्पिटलच्या ऑपरेशनच्या हिरव्या चादरी मोठ्या मशीनमध्ये होत्या आणि दुपारच्या आत पोचायलाच हव्या होत्या. नेमकी सांडपाण्याची जाळी तुंबली, पाणी उलटं यायला लागलं आणि त्यावर फेस. पूर्वी तू एक हाक मारायचीस आणि ती कुणाला मारली हे न बघता चौघं धावायचे. परवा सगळे लीडर एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. ड्रायव्हरने विचारलं, “जाळीचा लीडर कोण?” कुणीच नव्हतं; नेमायचं राहून गेलं होतं. मग साहेबांनी त्याच फेसात मीटिंग घेतली आणि रंगीत चिठ्ठ्या वाटल्या, की तुंबण्याचं मूळ कारण लिहा. फेस गुडघ्याला लागला. काकांनी 'बायको' लिहिलं.

माझा तोल गेला. तुझ्याच आवाजात ओरडले, “बाजूला व्हा सगळे!” आणि जाऊन व्हॉल्व्ह गच्च पिळला. तो पाण्याचा नव्हता गं. वाफेचा होता. प्रेस थंड, वाळवायचं मशीन थंड, पाणी मात्र मजेत चालू. (दुसऱ्या कुणी तुझे कान भरण्याआधी मीच लिहिते.) साहेब हळूच म्हणाले, “चूक म्हणजे शिकण्याची संधी.” तेव्हा माझ्या हातात पाना होता. तो मी खाली ठेवला, याचं कौतुक कुणालाच नाही.

आणि मग हा माणूस बुटांसकट फेसात पालथा पडला, जाळीत खांद्यापर्यंत हात घातला आणि उशीचा एक अभ्रा ओढून काढला. पाणी गेलं. पण चादरी संध्याकाळी पोचल्या. सकाळपासून उपाशी ठेवलेल्या एका म्हातारबुवांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. हॉस्पिटलच्या मेट्रन तणतणत इथवर आल्या. “जबाबदार कोण?” आम्ही सगळे लीडर भिंतीला चिकटलो. मी तोंड उघडणार, तोच साहेब निथळत पुढे झाले. “मी. दुसरं कुणी नाही.”

म्हणजे बघ! एरवी सगळे सारखे, आणि बोलणी खायच्या वेळी हा एकटा मॅनेजर! व्हॉल्व्ह पिळला मी, मान खाली घातली त्याने. आता त्या माणसावर धड चिडताही येत नाही, आणि चिडल्याशिवाय माझ्या हातून काम होत नाही. हा अन्याय मी कुणापुढे मांडायचा?

तुझी धुमसती भाची

ता. क. त्याला काढून टाक म्हणून मेट्रनचा तुला फोन आलाच असेल. काढू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी एक. आज सकाळी त्याने पहिल्यांदा खणखणीत हुकूम सोडला: “तुम्हाला ताप आहे. घरी जा.” मी गेले नाही. हुकूम सोडायला शिकला, म्हणून मी काय तो लगेच पाळायचा?