हवालदारसाहेबांची गैरहजेरी

धार, रविवार

तीर्थरूप चारुलता मावशीसाहेबांच्या चरणी धाकट्या राजवर्धनचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे तुमची सून बकुळा खुशाल आहे; मी मान खाली घालून हिंडतो आहे. तुमचा गुडघा कसा आहे? देवीची टेकरी चढू नका असे डॉक्टरांनी सांगितल्यावर तुम्ही डॉक्टरच बदललात, हे थोरल्या भैयासाहेबांकडून कळले. (नवे डॉक्टर काय म्हणतात ते कळवावे. तेही किती दिवस टिकतील याचा अंदाज येईल.)

तर मान खाली का, ते सांगतो. जुलैत आमच्या कॉलेजात माजी सैनिक विद्यार्थ्यांसाठी सहायता कक्ष उघडला. कक्ष म्हणजे जिन्याखालचे एक टेबल, आणि प्रभारी मी, ऑफिसातला कारकून, कारण मीटिंगमध्ये मीच म्हणालो होतो की आमच्या घराण्यात सात पिढ्या तलवार होती. (शेवटच्या तीन पिढ्यांनी ती फक्त दसऱ्याला पुसली, हे बोललो नाही.) माजी सैनिक एकच आला. शालिग्राम त्यांचे नाव, धामनोदचे, वय एक्केचाळीस, फौजेच्या सिग्नलमधून, म्हणजे संदेश खात्यातून, हवालदार म्हणून रिटायर झालेले. बारावी त्यांनी फौजेत असताना दिली होती, आता बी.ए.ला अर्थशास्त्र घेऊन रोज बसने ये-जा करू लागले.

एखाद्याला मदत करायची तर आधी त्याला विचारावे, एवढे साधे शहाणपण बकुळेला आहे, मला नाही. पहिल्या दिवशी मी गेटवर ढोल लावला, त्यांच्या गळ्यात हार घातला आणि पोरांना रांगेत उभे करून सॅल्यूट करायला लावला. वर्गात पहिल्या बाकाच्याही पुढे ऑफिसातली हातांची खुर्ची नेऊन ठेवली. प्राध्यापकांना बजावले की यांना प्रश्न विचारू नका, बरे दिसत नाही. परिणाम असा झाला की पोरे त्यांना अंकलजी म्हणू लागली आणि त्यांच्याजवळ कोणी बसेना (बसणार कुठे, खुर्ची एकच). मग मला वाटले, माणूस एकटा पडतोय, याला काहीतरी जबाबदारी द्यावी. गेटवर गाड्यांचा गोंधळ असतोच, फौजी माणूस शिस्त लावील, म्हणून मी त्यांच्या हातात शिट्टी दिली. ते एवढेच म्हणाले की अकराला इकॉनॉमिक्सचा पिरियड आहे. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, दहा मिनिटांचे काम आहे, भिया. आपल्या माळव्यात दहा मिनिटांचे काम किती वेळ चालते ते तुम्ही जाणताच. तेवीस वर्षे त्यांनी वरिष्ठाचा शब्द खाली पडू दिला नव्हता, आणि टेबलामागे बसतो तो वरिष्ठ, असा त्यांचा हिशेब. पाच आठवडे रोज अकराला ते उन्हात उभे राहिले. गाड्या अशा सरळ लागल्या की प्राचार्यबाईंनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. माझे कौतुक झाले. मी ते घेतले.

सप्टेंबरात हजेरी कमी असलेल्यांना नोटिसा निघाल्या. बेचाळीस होत्या. चहा घेता घेता मी सगळ्यांवर प्राचार्यबाईंच्या वतीने सह्या केल्या, नावे वाचली नाहीत. चार दिवसांनी टेबलापाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. शालिग्रामजींच्या पत्नी, कमल. हातात नोटीस, 'विद्यार्थ्याचे वर्तन बेजबाबदार असल्याने परीक्षेस बसू दिले जाणार नाही,' आणि खाली माझी टपोरी सही. घरी नोटीस पोचल्यापासून नवराबायकोत बोलणे नव्हते. हा माणूस सकाळी कॉलेजच्या नावाने निघतो आणि जातो तरी कुठे, हे त्यांना कळेना. आणि साहेबांच्या, म्हणजे माझ्या, नावाला बट्टा लागेल म्हणून ते सांगेनात. शेवटी त्या त्यांच्यामागून सुटणाऱ्या बसने स्वतःच आल्या, आणि गेटातच नवरा शिट्टी वाजवताना दिसला.

त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "इनको पढ़ना था, इसलिए हमने गाँव में सबकी हँसी सुन ली। आप बस इतना बता दो, ये यहाँ पढ़ने आते हैं कि गाड़ियाँ लगाने?"

मी काय उत्तर दिले असेल? मी त्यांना चहा विचारला. मावशीसाहेब, मी चहा विचारला. त्या नको म्हणून गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बकुळेने जेवताना माझ्याकडे एकदा पाहिले आणि मी धामनोदची बस धरली. शालिग्रामजींनी मला खाटेवर बसवले, पाणी दिले, आणि मी माफी मागू लागलो तर तेच अवघडले. विषय बदलावा म्हणून त्यांनी आपली वही दाखवली. जे थोडे तास त्यांना मिळाले होते, त्यांतला सरांचा एकेक शब्द त्यांनी उतरवला होता. मागणीचा नियम, त्याखाली 'पीछे वाले चुप रहो', त्याखाली 'पंखा तेज करो', सगळे सारख्याच सुंदर अक्षरात. सिग्नलमध्ये आलेला संदेश पुरा घ्यायचा असतो, त्यातले काय महत्त्वाचे ते आपण ठरवायचे नसते. इथे काय सोडायचे, एवढेच त्यांना कोणाकडून तरी शिकायचे होते. मी म्हणालो, तुम्ही मला विचारायचे होते, मी त्यासाठीच बसलो होतो. ते वहीकडे बघत म्हणाले, "जिसके आते ही सब खड़े हो जाएँ साहब, वो किससे पूछे?"

सोमवारी मी प्राचार्यबाईंना लेखी दिले की चूक सर्वस्वी माझी आहे. त्यांनी बुडालेले पिरियड कॉलेजच्या कामात धरले, नोटीस मागे घेतली आणि मला ताकीद दिली, तीही लेखी. (फाइलला ती मलाच लावावी लागली.) शिट्टी आता माझ्याकडे आहे. गाड्या माझे ऐकत नाहीत. खुर्ची ऑफिसात परत आली आणि शालिग्रामजी तिसऱ्या बाकावर ईशानी नावाच्या हुशार मुलीशेजारी बसतात. लिहिण्यासारखे काही आले की ती पेन उचलते, मग तेही उचलतात. परवाच्या चाचणीत त्यांना तीसपैकी चौदा मिळाले. मी धावत अभिनंदन करायला गेलो, तर ते बाहेर उभे राहून कमलताईंना फोनवर सांगत होते. मी तसाच मागे फिरलो. सहायता कक्षाने केलेली ही पहिली खरी मदत.

प्रकृतीला जपावे, औषध खिडकीबाहेर टाकू नये. तुमच्या आशीर्वादाची नेहमीपेक्षा जास्त गरज असलेला,

राजवर्धन

ता. क. पुढच्या सत्रात सांख्यिकी आहे, आणि आकड्यांच्या तक्त्यापुढे शालिग्रामजींना घाम फुटतो. तुम्ही एकतीस वर्षे देवासात गणित शिकवलेत. महिनाभर धारला याल का? खालची खोली देतो, एकही पायरी नाही. नवीन डॉक्टरही शोधून ठेवतो.

आणखी एक. विद्यार्थी दोन आहेत. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत नावापुढे बी.ए. छापले होते आणि तुम्ही देवासात पेढे वाटले होते. मावशीसाहेब, सांख्यिकीत मी तीनदा नापास झालो आणि चौथ्यांदा बसलोच नाही. कारकुनीला बारावी पुरली, म्हणून कोणी विचारले नाही. शालिग्रामजींनी विचारले, त्या खाटेवर, सहज, की साहेब, आपण बी.ए. कोणत्या साली केलेत. मी म्हणालो, बस निघेल. मागच्या आठवड्यात प्रायव्हेट म्हणून पहिल्या वर्षाचा फॉर्म भरला आहे. बकुळेला अजून सांगितलेले नाही. तुम्ही आलात की तुमच्यादेखत सांगीन. एकट्याने सांगवत नाही.