वडिलांना कळवले

३ फेब्रुवारी
निवृत्तीनंतर घरबसल्या जुन्या वह्यांच्या टायपिंगचं काम सुरू. कॅन्ससमधल्या एका काउंटीच्या कारकुनाची १८७९ ची वही. नाव एझ्रा टटल. बक्षिसासाठी मारलेले लांडगे, गुरांवरच्या डागण्यांच्या खुणा, लग्नाचे परवाने – सगळं एकाच वहीत! मीही छत्तीस वर्षं लग्ननोंदणीच्या टेबलावर काढली. लांडगे तेवढे आले नाहीत.

८ फेब्रुवारी
तिथे कारकूनही निवडून येतो; टटल अकरा मतांनी वाचला. त्या दिवशीचं अक्षर भलतंच ऐटदार.

११ फेब्रुवारी
काही परवान्यांपुढे बारीक अक्षरात – ‘वडिलांना कळवले.’ मला लगेच समजलं. कोर्ट मॅरेजची नोटीस तीस दिवस बोर्डावर असते. मुलगी आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरातली असली, की पहिल्याच दिवशी मी तिच्या घरी फोन करायचे. आपली माणसं म्हणून. लोक दिवाळीला फराळ पाठवायचे.

दाना ओलीतल्या सीमंतिनीचे वडील अर्ध्या तासात आले. दंडाला धरून नेलं तिला. पंधरा दिवसांत दुसरीकडे लग्न लावलं. मी हे कुठेही लिहिलं नव्हतं. टटलने निदान लिहिलं.

१४ फेब्रुवारी
माझ्या जागेवर आलेल्या समरजीतचा फोन. ‘ताई, तुमच्या भावाच्या मुलीची नोटीस लागली आहे. मुलगा आपल्यातला नाही. आपको बता दिया, अब आप देख लो.’

उन्नती! दादाला फोन लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला.

१६ फेब्रुवारी
दादा थाटीपूरहून आला. उन्नतीसाठी पुण्याचं स्थळ, मुलाचा फोटो. ‘शालू, तुला काय वाटतं?’ म्हटलं, तिलाच विचार. बाकी काही बोलले नाही. नोटिशीचे अठ्ठावीस दिवस उरलेत, तेवढे गप्प बसायचं. पहिल्यांदाच असं केलं. फार बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी
टटलची बारा पानं.

१८ फेब्रुवारी
दादाचा फोन – उन्नती काल ऑफिसला गेली ती घरी आलीच नाही. फोन बंद. तो रडत होता.

१९ फेब्रुवारी
पहाटे तिचा मेसेज. ‘आत्या, परवा तारीख विचारायला गेलो तर समरजीत म्हणाला, मॅडमना तर केव्हाच सांगितलंय. तुला कळलं म्हणजे बाबांना कळलंच. तुझी ही सवय सगळ्या ग्वाल्हेरला माहीत आहे. अर्ज सोडून निघालो. लग्नाचं पुढे बघू. आम्हाला शोधू नका.’

मी लिहिलं – कुणालाच सांगितलं नाही गं.

तिने मला ब्लॉक केलंय.