माशी कुठे शिंकली

६ नोव्हेंबर
प्रॅक्टिस बेकार. परत तेच. रायफलच्या पुढच्या साइटमधल्या रिंगच्या मधोमध टार्गेटचा काळा ठिपका आला की त्याच्याभोवती पांढरी कडा सगळीकडून सारखी दिसायला हवी. वर आहे, उजवीकडे आहे, खाली डावीकडे गायब. मान सैल केली, श्वास सोडला, डोळे मिटून उघडले. नाही म्हणजे नाही. रायफलची केस बंद करून निघाले. सरांनी विचारलं तर म्हटलं झोप झाली नाही. काय झोप झाली नाही! घोरत पडले होते.
पुढच्या साइटला सर अजून माशीच म्हणतात, जुन्या बंदुकीसारखं. सांगतात, काळ्याकडे बघूच नकोस, माशी स्वच्छ बघ, काळं आपोआप येतं. माशी स्वच्छ दिसत असती तर रडगाणं कशाला होतं?

८ नोव्हें.
सरांच्या मते रिंग लहान पडतेय. ३.८ ची काढून ४.० लावली, मग ४.२. मोठ्या रिंगेत उजेड जास्त, कडा जाड, डोळ्याला ताण कमी. खरंच बरं वाटलं. थोडा वेळ. मग खाली डावीकडे परत कुणीतरी बोट ठेवल्यासारखं.
ट्रायल २३ ला. मागच्या वर्षी राज्याच्या संघातून एका जागेनं हुकले. आईनं लग्नाचा विषय "ट्रायल होऊ दे" म्हणून फडताळात ठेवलाय. यंदा नाही जमलं तर पुढचं वर्ष मला कोण देणार आहे?

९ नोव्हें.
अण्णांनी सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवला, म्हणजे त्यांना तसं वाटलं. टेबल संपलेलं होतं. काचा मी उचलल्या.
काचबिंदू. त्यांचंही असंच सुरू झालं. टेम्पोतून फुलं घेऊन जाताना म्हणाले होते, डावीकडची मोटरसायकल दिसलीच नाही गं. आम्ही हसलो होतो. डॉक्टर तेव्हाच म्हणाले, मुलीचेही डोळे तपासत जा, हे घरात उतरतं.
काचा भरताना अण्णांनी विचारलं, नेमबाजी काय म्हणते? मस्त, म्हटलं.
मी डॉक्टरकडे जाणार नाही. ट्रायलपर्यंत तर नाहीच नाही. एकदा त्यांनी तोंडानं सांगितलं की…

११ नोव्हें.
रिंग काढून उलटी बसवली. डाग रिंगेवर असता तर तोही वर गेला असता. जागचा हलला नाही.
जेवले नाही. आई म्हणाली उपास कसला? काही सुचलं नाही, मंगळवारचा म्हटलं. आता दर मंगळवारी करावा लागणार.

१४ नोव्हें.
सापडलं सापडलं!!
साइटची नळी पूर्ण उघडली. कापूस गुंडाळलेली काडी आत फिरवली तर बाहेर आली लाल. कुंकू! रिंग जिथे बसते त्या खाचेत, खालच्या अंगाला, तेलात मुरून नुसता लगदा झालेला. खंडेनवमी! आई खुरपी, कात्र्या, फवारणीचा पंप आणि माझी रायफल एका ओळीत मांडते, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू. सरस्वतीपेक्षा माझ्या रायफलीला जास्त कुंकू.
म्हणजे रिंग वाकडी बसत होती. कुठलीही घातली तरी वाकडीच बसणार. म्हणजे डोळा नाही. डोळा नाही, डोळा नाही. कुठे माशी शिंकली म्हणून जीव जाळत होते आणि इथे खरोखर माशीच शिंकलेली! एकटी हसले, मग रडू आलं ते थांबेना.
आईवर मात्र भयंकर ओरडले. माझ्या वस्तूला हात का लावतेस, तुझ्या भक्तीपायी माझं वर्ष गेलं असतं, असं काय काय. झेंडू निवडत होती. मान खाली घालून निवडतच राहिली.

१५ नोव्हें.
रेंजवर गेले. रिंग गोल. कडा दिसतेय. जवळजवळ सगळीकडे. खाली डावीकडे जरा पातळ आहे, पण साइट उघडून परत बसवली की नजर बसायला वेळ लागतो. लागतोच. सरांना विचारलं नाही.

१७ नोव्हें.
सकाळी वाफ्यात होतो. आई मधेच म्हणाली, "यंदा मी पूजाच केली नाय गं. मोठे काका गेले ना नवरात्रात. सुतक होतं. खुरप्याला पण कुंकू लावलं नाय."
हातातली फुलं हातातच राहिली. अण्णांचे मोठे भाऊ, मीच तर सगळ्यांना फोन केले होते. कसं विसरले?
म्हणजे कुंकू मागच्या दसऱ्याचं. मागची ट्रायल त्या कुंकवासकट. मार्चमधली आजवरची सगळ्यात चांगली दहा छर्ऱ्यांची सिरीज, तीही त्या कुंकवासकट. तेव्हा कडा छान गोल दिसायची.
मग त्या दिवशी बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, किती दिवसांनी तुझं हसू कानावर आलं, म्हटलं घेऊ आपल्या अंगावर.
आई गं, मग आजही गप्प बसायचंस.

१९ नोव्हें.
गच्चीत पाण्याच्या टाकीवर टार्गेटचा कागद चिकटवला. कठड्यावर मातीची गोणी, तिच्यावर रायफल टेकवली, छर्रा नाही. आईला बोलावलं. सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवते ती. पदर खोचून, एक डोळा हातानं झाकून वाकली.
काय दिसतंय विचारलं. बांगडी, म्हणाली, आणि बांगडीत काळी टिकली. टिकलीभोवती पांढरं आहे? हाय की. सगळीकडून? सगळीकडून.
"खाली, डाव्या अंगाला नीट बघ."
बराच वेळ बघत राहिली. नाही म्हण, नाही म्हण, नाही म्हण.
"तिथं पण सारखंच हाय. बघ, काय नाय झालं तुझ्या बंदुकीला."
खूश होऊन खाली गेली. अण्णांना सांगताना वरपर्यंत ऐकू आलं, बंदूक एकदम चांगली आहे, पोरगी उगाच घाबरली होती. मग जिन्यावर पावलं, भिंत चाचपत. येऊन माझ्याशेजारी कठड्याला टेकले. टाकीकडे तोंड करून बसले, तिथला कागद त्यांना दिसत नसणार.
"कुठला डोळा?"
उजवा, म्हटलं.
डॉक्टर शनिवारी बसतात. ट्रायल रविवारी. उठताना अण्णा म्हणाले, मी येतो तुझ्याबरोबर. कुठे ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.