हिल्मा नावाचा कण

प्रिय तौनो,

तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचे अनेक आशीर्वाद (तू साठी ओलांडलीस तरी हा हक्क मी सोडणार नाही). गुडघा कसा आहे? सौनाच्या वाफेत पायऱ्या चढताना कुरकुर ऐकू येते म्हणालास. गुडघ्याची की पायरीची, ते लिहिलं नाहीस. इकडे आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे मी आहे. इर्मेलीचं सांगायलाच हे पत्र.

आमच्या घरात मूल नव्हतं, कण होता, हे तुला ठाऊक आहे. तरुणपणी इर्मेलीने पेशीच्या आत तो शोधला, तुमच्या आईच्या नावावरून त्याला हिल्मा-कण म्हटलं, आणि तू कौतुकाने तेच नाव होडीवर रंगवलंस. पुढे तीसेक वर्षं लिस्बनपासून सापोरोपर्यंत ज्याने त्याने इर्मेलीच्या कृतीबरहुकूम पेशी मारल्या, रंगवल्या आणि हिल्माचं दर्शन घेतलं. तिचा हवाला दिल्याशिवाय कुणाचा लेख छापून येईना. (मीही जन्मभर दात उपटले, पण माझा हवाला देऊन कुणी दात उपटल्याचं ऐकिवात नाही.)

तर या हिवाळ्यात ओउलूच्या विद्यापीठातल्या वेन्ला नावाच्या मुलीने प्रबंध लिहिला, की हिल्मा-कण मुळात नाहीच. पेशी ज्या औषधात बुडवायची, त्याचाच तो साका. जिवंत पेशीत तो दिसत नाही. म्हणजे जगभर सगळे तीसेक वर्षं इर्मेलीच्या कृतीने साका काढत होते. आणि या प्रबंधाला विरोधक म्हणून बोलावणं कुणाला? इर्मेलीला. भर सभेत प्रश्न विचारून घाम फोडायचा आणि शेवटी पदवी द्यावी की नाही ते उभं राहून सांगायचं (तुझ्या मुलाच्या वेळी तू पेंगत होतास, तोच कार्यक्रम). इर्मेलीने इतक्या गोड शब्दांत होकार कळवला की मी घाबरलो.

मुलीला खोटं पाडायला ती प्रयोगशाळेत जाऊन जिवंत पेशी पाहत बसली. घरी आली तेव्हा मी वाटाण्याचं सूप केलं होतं. हे सूप गुरुवारचं, आणि त्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी मला न टोकता ती जेवली. तेव्हाच मी ओळखलं, कण गेला. आजारी आहे म्हणून कळव, असं मी सुचवलं.

"मेला तो कण, ओस्मो. मी नाही," ती म्हणाली.

सभेत तिने आपली डॉक्टरकीची उंच टोपी मेजावर ठेवली (त्या टोपीवर मी एकदा बसलो होतो, दबलेली बाजू तिने मुलीकडे केली). मग तिने प्रबंधाचं पान न पान पिंजून काढलं. वेन्लाने पाण्याचे तीन पेले संपवले. पोरीची मला दया येत होती आणि बायकोची जास्त. शेवटी इर्मेली उभी राहिली. सभागृहात अर्धे लोक त्या कणावर प्राध्यापक झालेले. ती म्हणाली, "हिल्मा-कण नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे. या प्रबंधाला पदवी द्यावी." मला रडू आलं, तौनो, आणि शेजारच्याला वाटलं, दाढ दुखतेय.

रात्रीचं जेवण रिवाजाप्रमाणे विरोधकाच्या मानाचं. वेन्लाने पहिले आभार इर्मेलीचे मानले: कृती इतकी नेटकी लिहिलेली होती, म्हणूनच नेमकं कुठे चुकलं ते सापडलं, असं म्हणाली. सगळे ताटात पाहू लागले. इर्मेलीने सावकाश मासा संपवला.

"तुझ्या चुकाही अशाच नेटक्या लिहून ठेव," ती म्हणाली. "पुढे कुणाच्या तरी कामी येतील."

मग दोघी एकमेकींशी इतका वेळ वाद घालत बसल्या, की नाचायला मला डीनच्या बायकोबरोबर जावं लागलं.

तुझा,
ओस्मो

ता. क. पत्राचं खरं कारण: इर्मेली म्हणते, होडीवरचं नाव खरवडून टाक. तिला ते बघवणार नाही.

ता. क. पुन्हा: ती चष्मा शोधायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो. खरवडू नकोस. गुडघा दुखतो म्हण.

ता. क. (हे अक्षर माझं, इर्मेलीचं): ओस्मो पाकीट कधीच चिकटवत नाही. नाव राहू दे. कण नव्हता, पण आई होती. भर उन्हाळ्यात जुहान्नसच्या सणाला वेन्ला आपल्याकडे येते आहे. वल्ही तिच्याच हाती दे. मी मागे बसून ती कुठे चुकते ते सांगेन.